धूर वर चढला तेव्हा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे जिच्या डोळ्यांसमोर घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि गमतीतसुद्धा खोटं बोलणाऱ्यांतली ती नाही.

२०१६ चा मे महिना. जागा हडपसर. आणि रात्र नव्हती... रणरणती दुपार होती.

सुनीती मावशी तेव्हा हिंदुरावांच्या ड्राय आइसच्या गोदामावर सुपरवायझर होती. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, तो सरळ हवेत उडून जातो. औषधांच्या खोक्यांत लागतो, आइस्क्रीमच्या गाड्यांत लागतो. आणि लग्नात नवरा-नवरी येताना पायाशी जो पांढरा धूर पसरतो ना, तो गरम पाण्यात ड्राय आइस टाकूनच करतात.

दिसायला देखणा. पण उघड्या हातानं धरला तर कातडी भाजल्यासारखी सोलते. घट्ट झाकणात कोंडला तर डबा फुटतो.

आणि सगळ्यांत वाईट त्याचा वायू. दिसत नाही. हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचत जातो.

हिंदुरावांनी माल ठेवला होता तळघरात.

"मालक, खालचा पंखा बंद का असतो?" मावशीनं किती वेळा विचारलं असेल.

"पंखा लावला की माल लवकर उडतो, मॅडम. आजवर कुनाला काय झालंय का? न्हाय ना? मग झालं."

आणि मग झालंच.

त्या मे महिन्यातल्या दुपारी रहीम पेट्या आणायला तळघरात उतरला. गोदामातला सगळ्यांत जुना माणूस. मावशी बाहेरून आली तरी तो वर आलेला नव्हता. तिनं जिन्यातून हाक मारली.

पुन्हा मारली.

तिनं दार सताड उघडलं, पंखा लावला, आत हवा खेळू दिली. मग एका हमालाला घेऊन ती खाली गेली. रहीम भिंतीला टेकून बसला होता. चामड्याचे हातमोजे हातात तसेच. झोप लागल्यासारखा...

श्वास नव्हता.

चौकशीला माणसं आली, तेव्हा तळघरात दारूची बाटली सापडली.

मावशीनं रहीमला स्वतः उचललं होतं. तेव्हा तिथं बाटली नव्हती. तिनं तसं स्पष्ट सांगितलं.

"मॅडम घाबरल्यात," हिंदुराव म्हणाले. "त्यांच्या ध्यानात न्हाय. त्यो पिऊनच उतरला व्हता."

मालकाचं खरं धरलं गेलं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर रहीमची बायको बिलकिस गोदामावर आली. तिनं आवाज चढवला नाही.

"साहेब, माणूस गेला, तो काही तुम्ही परत आणणार नाही. पण ते कधी प्यायले नाहीत. शाळेत माझ्या पोरीला मुली चिडवतात, तुझा बाप दारूनं मेला म्हणून. तेवढं तुमचं बोलणं मागे घ्या."

हिंदुराव मोबाइलमध्ये बघत होते. "बाई, पानी प्या आन् जावा."

बिलकिसनं पाणी घेतलं नाही. जाताना ती तळघराच्या जिन्यापाशी थांबली. खाली अंधारात बघत हळूच काहीतरी बोलली...

मावशीला शब्द कळले नाहीत. पण कुणाशी तरी बोलावं, तशी ती बोलत होती.

त्यानंतर सुरू झालं.

तळघर आता रिकामं होतं. दाराला कुलूप होतं. ड्राय आइसला धातू टेकला की तो किंचाळतो, अगदी माणसासारखा. या धंद्यातल्यांना तो आवाज पाठ असतो. तो आवाज खालून यायला लागला.

रोज. हिंदुराव खुर्चीत बसले की...

मग त्यांच्या हातून देवापुढचा दिवा लागेना. काडी पेटायची आणि विझायची. वारा नाही, काही नाही. मावशीनं काडी ओढली की दिवा लागायचा. हिंदुराव जवळ आले की ज्योत बारीक व्हायची... आणि जायची.

"मालक, बिलकिसकडे जाऊन या," मावशी म्हणाली.

"तुमी तुमचं काम बघा."

पण त्यांचा आवाज बसलेला होता. शर्टाच्या कॉलरखाली, मानेजवळ, कातडी पांढरी पडून सोलली होती. पाच बोटांच्या आकारात.

त्यांनी तो डाग उपरण्यानं झाकला. लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

लग्न मोकळ्या लॉनवर होतं. धुराचं काम मावशीनंच बघितलं. मुद्दाम चारी बाजू उघड्या ठेवल्या, पोरांना लांब बसवलं, टाक्यांजवळ हातमोजे घातलेली माणसं उभी केली. वारा चांगला वाहत होता. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

नवरा-नवरी आले. गरम पाण्यात ड्राय आइस पडला. पांढरा धूर स्टेजवरून खाली उतरला, गालिच्यावर पसरला. तो नेहमी खालीच जातो. दुसरीकडे जाऊच शकत नाही.

तो थांबला.

आणि मागे वळला... वाऱ्याच्या विरुद्ध.

हिंदुराव स्टेजच्या कडेला फेटा बांधून, हातात माइक घेऊन पाहुण्यांचं स्वागत करत होते. धूर त्यांच्या पायांशी गोळा झाला. मग वर चढायला लागला. गुडघे... कंबर... छाती...

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले.

हिंदुरावांचे ओठ निळे पडत होते. माइकमधून त्यांचा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू येत होता. आणि मग शब्द आले. एकेक, ओढून काढल्यासारखे.

"रहीम... पीत न्हवता. बाटली... म्याच ठिवली."

टाळ्या थांबल्या.

माइक खाली पडला. मावशी जवळच होती. तिला वाटलं, संपलं. बिलकिसनं मागितलं होतं ते त्यांनी दिलं, आता धूर सोडेल.

धुरानं सोडलं नाही. तो गळ्यापर्यंत आला. हिंदुरावांनी तिच्याकडे हात पसरला. मावशी धावली, तिनं हात पुढे केला...

तेवढ्यात कानाशी कुणीतरी शांतपणे म्हणालं,

"ताई, बाजूला व्हा."

आवाज रहीमचा होता.

हिंदुराव कोसळले, तेव्हा धूर निमूट जमिनीवर पसरलेला होता. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. उघड्यावर, एवढ्या वाऱ्यात वायूनं माणूस जाऊच शकत नाही, असंही म्हणाले.

त्या लग्नाचा व्हिडिओ मी पाहिलाय. त्यात धूर कुणाच्याच घोट्यावर चढलेला दिसत नाही. हिंदुरावांचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येतं. बिलकिसनं ते मुलीच्या शाळेत नेऊन ऐकवलं.

आणखी एक दिसतं. मावशी हात पुढे करते, थबकते, आणि एक पाऊल बाजूला सरकते. जड ओझं घेऊन येणाऱ्याला वाट द्यावी, तशी. समोर कुणीही नसतं.

मी तिला एकदाच विचारलं, "आवाज ऐकून घाबरलीस का गं?"



"नाही," ती म्हणाली. "अजिबात घाबरले नाही. मला बरं वाटलं."

तेव्हापासून मी तिला या विषयावर काही विचारत नाही.