ताप मोजताना

सांगतो, पण मध्ये काही विचारू नका.

संगणकाची जुनी-नवी ग्राफिक्स कार्डं तपासून देणं हे माझं काम. कार्डवर तासभर पूर्ण भार टाकायचा, त्याचा वेग बघायचा, किती तापतं आणि किती वीज खातं ते टिपून घ्यायचं. त्या दुपारी तळघरातल्या माझ्या कामाच्या खोलीत एक बाई आल्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड त्यांनी अलगद टेबलावर ठेवलं.

"भावाचं आहे. महिन्यापूर्वी गेला तो. माझ्या मुलीला हवंय, पण आधी तपासून घ्यावं म्हटलं."

असं कार्ड भार पडला की दहा मिनिटांत सत्तर अंशांपार जातं. हे सदतीसवर थांबलं. पडद्यावरची चित्रं झरझर पळत होती, वेग पुरेपूर होता. वीज मोजणारं मीटर मात्र ढिम्म. सेन्सर बिघडला असेल म्हणून मी हातातला तापमापक कार्डच्या धातूवर धरला.

सदतीस.

मी भार काढला, आणि तेव्हा कुठे आकडा चढायला लागला. अडतीस. एकोणचाळीस. पंखे थांबलेले. माझ्या तळघरात जळक्या धुळीचा वास नेहमीचाच. हा वास बामचा होता.

पंखे जोरात सोडायला गेलो, तर बाईंनी माझं मनगट धरलं. "वारा नका घालू... त्याला थंडी वाजत असेल."

वीज तोडली, कार्ड उपसून टेबलावर ठेवलं, पुन्हा तापमापक धरला. साडेचाळीस.

"ताई... ते आजारी होते का?"

"तापानं फणफणला होता, हे मला नंतर कळलं." त्या कार्डकडेच बघत होत्या. "दार बंद, आत मशीनचे पंखे घरघरत होते. मला वाटलं, कामात आहे. जेवायला हाक मारली, ओ दिली नाही... मी रागावून निघून गेले."

त्यांनी माझ्या पेल्यात रुमाल बुडवला, पिळला, घडी करून कार्डवर ठेवला. पाण्यानं कार्ड खराब होईल, हे सांगायला हवं होतं. मी पेलाच त्यांच्याकडे सरकवला. तीनदा त्यांनी पट्टी बदलली. दर वेळी रुमाल कोरडा ठणठणीत निघे.

"उतरतोय," त्या पुटपुटल्या.

सदतीसवर आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि कार्ड पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

"मुलीला नका देऊ, ताई."

"नाही देणार. माझ्याच खोलीत ठेवते."

त्या गेल्या. मग मन दुसरीकडे लागावं म्हणून पुढचं काम ओढलं. कोरं करकरीत कार्ड होतं, सीलबंद खोक्यातलं. सील मीच कापलं, पिशवी मीच फाडली. वायरला अजून हातही लावला नव्हता.

तळव्यावर घेतलं, तर कोमट लागलं.