एकशे अठरा अंश

दिवा लागला तेव्हा बटणावर कुणाचंही बोट नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले होते. 'कुंडलिका' ही युद्धनौका दुरुस्तीसाठी गोदीच्या धक्क्याला बांधलेली होती. तिच्या पोटातल्या चार नंबरच्या पंपखोलीत डॉ. वसुंधरा रेडकर एका लोखंडी स्टुलावर बसून त्या तांबड्या दिव्याकडे टक लावून बघत होत्या. भुताखेतांच्या गोष्टींना त्या लहानपणीही कधी घाबरल्या नव्हत्या. उलट सांगणाऱ्यालाच प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायच्या. पण आत्ता त्यांच्या अंगावर काटा आला होता आणि तो आला नाही असं म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

"बघितलंत?" इम्तियाज परकार हळू आवाजात म्हणाला. तो कुंडलिकेचा विद्युत अधिकारी होता. रेडकरांना बोलावणं धाडणारा तोच.

समोरचा पंप चाचणीसाठी मुद्दाम अर्धवट बंद केलेल्या झडपेवर चालवला होता, म्हणजे मोटरीवर भरपूर भार पडावा. मोटर तापत गेली. एकशे दहा अंशांना अतिभार-रक्षक या यंत्रानं वीज तोडली. तोडायलाच हवी होती. पण पुढच्याच क्षणी आपत्कालीन बटणाचा दिवा आपसूक लागला आणि पंप पुन्हा चालू झाला. एकशे बारा. एकशे पंधरा. एकशे अठराला दिवा विझला, पंप थांबला आणि खोलीत फक्त हवा खेळवणाऱ्या पंख्याची घरघर उरली.

"आजची चौथी वेळ," परकार म्हणाला. "दर वेळी एकशे अठरालाच. पोरं म्हणतात, मामा आले. एकटं कुणी खाली उतरत नाही." त्यानं पंपाच्या नियंत्रण-फलकावर ठेवलेलं उदबत्तीचं घर जरा ओशाळून मागे सरकवलं. "मी काढून टाकतो, ते परत आणून ठेवतात."

"राहू दे. उदबत्तीनं यंत्र बिघडत नाही," रेडकर म्हणाल्या. "आता मला सगळं पहिल्यापासून सांगा. मी चौथीतली मुलगी आहे असं समजून."

"तुमचंच यंत्र तुम्हाला सांगू?"

"सांगा. स्वतःचं यंत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की चुका दिसतात."

परकारनं खांदे उडवले. "मोटरीवर भार वाढला की ती जास्त वीज ओढते. जास्त वीज ओढली की तापते. फार तापली की जळते. जळायच्या आत वीज तोडतो तो अतिभार-रक्षक."

"आणि जहाजात पाणी शिरत असताना त्यानं तोडली तर?"

"तर मोटर वाचेल आणि माणसं बुडतील. म्हणून हे आपत्कालीन बटण. दाबून धरलं की रक्षकाला कुणी विचारत नाही. मोटर जळायची तर जळो. बोट उचललं की पुन्हा रक्षकाचा कारभार."

"आणि खलाशी काय करायचे?"

"बटणात काडी खुपसून चहा प्यायला जायचे," परकार हसला. "नसत्या वेळी मोटरी जळायच्या. मग तुम्ही आलात. तुमचं बटण फक्त जिवंत बोट ओळखतं. ऊब बघतं, नाडी बघतं. काडी घातली की उचललं असं समजतं."

"पुढचं मी सांगते," रेडकर म्हणाल्या. "ओल्या, तेलकट हाताची नाडी मधेच हरवायची. अर्धा सेकंद हरवली तरी पंप बंद. म्हणून मी स्पर्शपूरक बसवला. प्रत्येकाची दाबायची एक धाटणी असते. सरावाच्या वेळी यंत्र ती शिकतं. कोण किती जोरानं दाबतो, मोटर किती तापेपर्यंत धरतो. खूण हरवली की हा माणूस आत्ता काय करत असेल याचा अंदाज घेऊन यंत्र तेवढी फट भरून काढतं."

"माणूस समोर नसतानाही?"

"आठ महिन्यांपूर्वीच्या आगीच्या वेळी तुम्ही इथे समुद्राचं पाणी मारलंत. बटणाच्या फटीत मीठ बसलंय. मोटर हादरायला लागली की ते ओलसर मीठ स्पर्शासारखी पुसट खूण देतं. यंत्राला वाटतं, कुणीतरी आहे. मग बाकीचं ते स्वतःच भरतं. आणि कोण आहे असं समजणार? या खोलीत ज्याला ते सगळ्यात जास्त ओळखतं, तोच."

तो कोण हे सांगायची गरज नव्हती.

मास्टर चीफ हरिश्चंद्र तांडेल. पोरांचे 'मामा', वेंगुर्ल्याचा माणूस. अकरा वर्षं या पंपखोलीत. आठ महिन्यांपूर्वी भर समुद्रात शेजारच्या कप्प्यात आग लागली आणि पाण्याचा मोठा नळ फुटला. दार वाकून अडकलं, आत तीन खलाशी. वरून पोलाद कापून त्यांना काढेपर्यंत पाणी उपसत राहील असा हा एकच पंप होता. खोलीत धूर भरत असताना तांडेल एकोणीस मिनिटं बटण दाबून उभे होते. दोन वाजून अकरा मिनिटांनी पंप थांबला. चार मिनिटांनी पोलाद कापून झालं तेव्हा आतले तिघे बुडालेले होते. तांडेल फलकापाशीच धुरानं गुदमरून गेलेले सापडले. अंगठा बटणाच्या कड्यात अडकलेला.

यंत्राच्या नोंदीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं: '२.११. बोट उचलले.' चौकशी समितीनं त्यावरून निष्कर्ष काढला की शेवटी तांडेलांचा धीर सुटला. कोसळताना अंगठा परत कड्यात अडकला असावा, पण तोवर उशीर झाला. तीन माणसांचं मरण त्यांच्या नावावर चढलं. शुक्रवारी समितीची शेवटची बैठक होती आणि तांत्रिक अहवालावर सही करायची होती डॉ. रेडकरांना. सही करायला त्यांना आजपर्यंत काहीच अडचण वाटली नव्हती. यंत्र कुणाची बाजू घेत नाही, हे त्या गेली वीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आल्या होत्या.

शिडीवर पावलं वाजली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून एक तिशीची बाई खाली उतरली. परकार गडबडला.

"या नंदा तांडेल. गोदीच्या मोटर विभागात असतात. जळालेल्या मोटरीत नवी तार यांनीच भरली."

"चीफची मुलगी," नंदानं उरलेलं सांगून टाकलं. तिनं नमस्कार वगैरे केला नाही. सरळ मोटरीपाशी गेली आणि हाताची मागची बाजू तिच्या अंगाला लावली. वीज उतरली असेल तर तळवा चिकटतो, म्हणून जुने लोक असा उलटा हात लावत. "परत एकशेअठरा?"

"तुम्हाला कसं कळलं?" रेडकरांनी विचारलं.

"बाबा तेवढ्यारच सोडायचे. तारेवरच्या वार्निशीचो वास येवक लागलो की सोडायचे. सरावात मोटर जाळूक ते काय खुळे होते? तीस वर्षांत त्यांच्या हातसून एक मोटर जळाक नाय." तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून रेडकरांच्या मांडीवर ठेवलं. तांब्याच्या तारांचं एक वेटोळं होतं, काळंठिक्कर. "ह्यां त्या दिवसाचां. तुमच्या समितीन बघूकसुद्धा मागूक नाय. वार्निश कोळसो झालाहा. एकशे सत्तरच्या खाली असां होवचां नाय."

"नोंदीत एकशे अठ्ठ्याहत्तर आहे," परकार म्हणाला.

"मगे माका सांगा म्याडम. सरावात एकशेअठराक सोडणारो माणूस त्या दिवशी अठ्ठ्याहत्तरापर्यंत धरून रवलो. आणि मगे एकदम भियालो? माका काय पटना नाय."

रेडकरांनी बोटांनी ते वेटोळं चाचपलं. काजळी हाताला लागली. प्रश्न साधा होता, त्यांच्याच पठडीतला, आणि गेल्या आठ महिन्यांत तो त्यांना सुचला नव्हता.

"परकार, हा फलक उघडा. आत रक्षकाची स्वतःची छोटी स्मृती असते. निर्णयाच्या आधीचं कच्चं सगळं तिच्यात असतं."

"ती समितीनं मागितली नव्हती."

"मीच सांगितलं होतं की गरज नाही."

स्मृती निघायला आणि वाचायला अर्धा तास लागला. पडद्यावर तीन रेषा आल्या. पहिली दाबाची, दुसरी नाडीची, तिसरी यंत्राच्या निर्णयाची. नाडीची रेषा आधी वेगानं धावत होती. मग ती मंदावत गेली, अडखळली आणि दोन वाजून अकरा मिनिटं चार सेकंदांनी सपाट झाली. पाचव्या सेकंदाला निर्णय बदलला: उचलले. दाबाची रेषा मात्र जराही हलली नव्हती. ती तशीच पुढे पुढे जात होती, पुढचे दोन तास, तांडेलांना तिथून सोडवेपर्यंत.

रेडकरांनी चष्मा काढला. आता बोललं नाही तर पुन्हा धीर होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"नंदाताई, तुमच्या वडिलांनी बोट उचललं नाही. ते गेले. अंगठा होता तिथेच होता. नाडी हरवली तेव्हा यंत्रानं स्पर्शपूरकाला विचारलं, एवढ्या उष्णतेला तांडेल काय करतील? त्याला माहीत होते ते सरावातले तांडेल. ते एकशे अठराला सोडतात. इथे तर एकशे अठ्ठ्याहत्तर झाले होते. म्हणजे त्यांनी सोडलंच असणार, असा हिशेब करून त्यानं त्यांच्या वतीनं बोट उचललं. त्यानं म्हणजे मी. ते मी लिहिलंय."

"साधं जुनं बटण असतं तर..." परकार बोलता बोलता थांबला.

"तर त्यांच्या अंगठ्याखाली पंप चालूच राहिला असता."

नंदानं ते काळं वेटोळं परत हातात घेतलं. "मोटर आजून पाच-सात मिन्टां चलली असती," ती म्हणाली. "चार व्हयी होती ना?"

रेडकरांनी मान हलवली. वरच्या डेकवर कुणीतरी हातोडा मारत होतं.

परकारनं पडद्याकडे बघत विचारलं, "एक कळत नाही मॅडम. यंत्र शिकतं ना? मग त्या दिवशीची एकोणीस मिनिटं ते शिकलं का नाही? आजही एकशे अठरालाच कसं सोडतं?"

रेडकरांनी धड्यांची यादी उघडली. तांडेलांच्या नावावर चारशे बारा सराव. प्रत्येकापुढे 'बरोबर'. सगळ्यात शेवटी एकच वेगळी नोंद: 'चूक. वगळला.'

नियम त्यांनीच घातला होता. बटण दाबलं आणि मोटर वाचली तर धडा बरोबर. मोटर जळाली तर धडा चूक, तो शिकायचा नाही. एका दुपारी पाच ओळींत त्यांनी तो लिहून टाकला होता आणि कुणालाही त्यात खोट दिसली नव्हती. मोटरीचं काय झालं याला रकाना होता. माणसांचं काय झालं याला नव्हता. असे रक्षक आज चाळीस जहाजांवर होते, आणि प्रत्येकात तिथली शहाणी, अनुभवी, सरावात कधी मोटर न जाळणारी माणसं साठवलेली होती. त्यांच्यापैकी कुणाचंही बोट खऱ्या संकटात निर्जीव झालं की ते तत्काळ उचललं जाणार होतं. शुक्रवारी अहवालात काय लिहायचं ते आता स्पष्ट होतं, आणि दोष कुणाच्या नावापुढे लिहायचा तेही.

"म्हणजे ह्या मशीनीत जो आसा," नंदा त्या विझलेल्या दिव्याकडे बघत म्हणाली, "तो माझो बापूस न्हय."

"अर्धे आहेत," रेडकर म्हणाल्या. "उरलेले मी वगळले."

त्यांनी ती शेवटची नोंद उघडली. यंत्रानं स्वतः घातलेला 'उचलले'चा तो अखेरचा एक सेकंद कापून टाकला. मग 'चूक' खोडून तिथे 'बरोबर' केलं. सगळ्यात ताजा बरोबर धडा यंत्र सगळ्यात आधी धरत असे.

"पंप चालू करा."

"झडप अर्धवट आहे, मॅडम."

"तशीच राहू द्या."

मोटर घुमू लागली. शंभर. एकशे दहा. रक्षकानं वीज तोडली आणि लगेच दिवा लागला. तिघंही आकड्याकडे बघत होती. एकशे सतरा. एकशे अठरा.

एकशे एकोणीस.

दिवा तसाच होता. एकशे तीसला वार्निशीचा गोडसर, जळका वास खोलीभर पसरला. एकशे पन्नासला फलकाचा पत्रा थरथरू लागला आणि उदबत्तीचं घर सरकत सरकत कडेला आलं. नंदानं ते उचलून हातात धरलं. एकशे साठ. एकशे सत्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर आला आणि मागे पडला. दिवा विझला नाही. मोटरीतून धुराची बारीक रेघ निघाली.

परकारचा हात मुख्य स्विचकडे गेला. "मॅडम, मोटर जाईल!"

रेडकरांनी नंदाकडे पाहिलं. ती बटणापाशी जाऊन उभी होती, अगदी जवळ. त्या रिकाम्या बटणाला तिनं हात मात्र लावला नव्हता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"जळांदे तिका," ती म्हणाली. "मी परत भरीन."