कलरमास्तर आणि मनिषाची ओढणी

"तो डबा नका घेऊ. दिसायला अठ्ठेचाळीस रंग, पण कागदावर बारासुद्धा धड उमटायचे नाहीत!"

धामणकर नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात माझ्या शेजारून आवाज आला. मी फणकाऱ्याने वळले. न विचारता अक्कल शिकवणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत... पण याचे डोळे! जाऊ दे.

"तुम्ही मालक का इथले?"

"छे. कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कलरमास्तर आहे. हरेश." त्याने डब्यातली पिवळी पेन्सिल कागदावर हलकेच फिरवली, तिच्यावर निळी. निळी नुसतीच घसरली. "बघा — मेण जास्त आहे, वर दुसरा रंग धरतच नाही. मुलांच्या निसर्गवहीसाठी पाहिजेत म्हणालात ना आत्ता? मग पानाचा हिरवा बनवणार कशी ती?"

त्याने एकेक घासून बारा सुट्ट्या पेन्सिली निवडून दिल्या. काउंटरमागे दुकानदाराची मुलगी मनिषा खुदकन हसली. "मास्तर, आमचा धंदा बुडवणार तुम्ही!" ते हसणं मला तेव्हाच खटकलं होतं.

दर रविवारी सकाळी मी शेलार गावातल्या मुलांना शेताच्या बांधावर नेते. एक पान किंवा एक फूल घ्यायचं, निरखायचं, दिसेल तसं वहीत काढायचं. दुकानात बोलता बोलता हे सांगितलं होतं, तर पुढच्याच रविवारी हरेश हजर! मग येतच राहिला.

"पेन्सिल मागून धरा. हात हलका. आधी फिकट रंग, मग गडद. सावलीला काळा नाही लावायचा... नीट बघा, त्या सावलीत निळा दिसतोय का?"

"हाय, मास्तर, निळा हाय!" पोरं ओरडायची.

आठ वर्षांच्या मैनाचा हात धरून तो रंग भरायला शिकवायचा, आणि मला मैनाचा हेवा वाटायचा. इथपर्यंत मजल गेली होती माझी! आई मला लहानपणापासून जळकुकडी म्हणते, ते काही उगीच नाही.

त्यात याचं आपलं सुरूच — "ही जांभळी मनिषाने बाजूला काढून ठेवली होती... मनिषा म्हणते, नवीन माल येतोय..." मनिषा, मनिषा! मी वरवर हसायचे, आतून धुमसायचे.

आणि त्या शनिवारी शेअर रिक्षातून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर मनिषा उभी, आणि तिच्या ओढणीचं टोक याच्या दोन्ही हातांत! उन्हात धरून, असं तिरपं करून, टक लावून बघत होता. ती तोंडावर हात ठेवून हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी पोचले तर आई कशेळीहून सांगून आलेल्या मुलाचा फोटो घेऊन बसलेली. आठवडाभर मागे लागली होती. "उद्या चारला बोलावू का ग त्यांना?"

"बोलाव! आणि मी होच म्हणणार आहे, आत्ताच सांगून ठेवते!"

रात्रभर रडले. पण शब्द तर गेला होता.

रविवारी काटेसावरीची फुलं वहीत काढायला घेतली. मी हरेशशी एक अक्षर बोलले नाही.

"मास्तर, ताई आज बोलत का न्हाय?" मैनाने विचारलं.

तो माझ्याजवळ आला. "काय झालं?"

"कुठे काय? मनिषाची ओढणी छान आहे."

आणि हा वेडा खुलला! "पाहिलीत तुम्ही? मोरपंखी, पण उन्हात हिरव्याकडे झुकते! ट्यूबलाइटमध्ये खरा रंग कळत नाही, म्हणून बाहेर बोलावलं तिला. एका पार्टीच्या कापडाला हवी असलेली तीच शेड आठवडाभर जुळत नव्हती. वाईट खोड आहे हो मला... बसमध्ये अनोळखी माणसाचा शर्टसुद्धा धरतो. एकदा मार खाता खाता वाचलोय."

मला हसू आलं. पण राग काही जाईना. "सगळ्यांच्या कपड्यांचे रंग लक्षात राहतात?"

"राहतात. कामच ते."

"मग गेल्या रविवारी मी काय घातलं होतं?"

त्याने डोकं खाजवलं.

"त्याच्या आधीच्या?"

"...आठवत नाही."

"डोळे मिटा. आत्ता काय घातलंय?"

त्याने डोळे मिटले. कान लाल झाले. "नाही सांगता येत."

माझे डोळे भरून आले. "तिची ओढणी उन्हात कुठे झुकते ते पाठ, आणि मी इतके महिने समोर उभी आहे ती..."

"आठ वर्षं झाली या कामाला," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "कुणीही समोर आलं की मला आधी कापड दिसतं. तुम्ही आलात की... नजर चेहऱ्यावरून हलतच नाही. कापडापर्यंत पोचणार कधी?"

मग जे सांगायलाच हवं होतं ते सांगितलं. "आज चारला कशेळीचे पाहुणे मला बघायला येतायत. मी हो म्हणणार असं आईला सांगून बसलेय... तुमच्यावरच्या रागात."

त्याने खाडकन डोळे उघडले. "चारला?"

"चारला."

"मग मी माझ्या आईला घेऊन तीनला येतो."

मी घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजत होते.

"तीन नको," मी म्हटलं. "अडीचला या."