कॉम्प्युटरचं लाल बटन

पंच्याऐंशी साली नागपुरात कॉम्प्युटर पाहिलेला माणूस शोधून सापडत नव्हता, आणि मामा मला खुशाल म्हणतो, ‘‘प्रेमिला, सदर बाजारातल्या कॉम्प्युटर कंपनीचं माहितीपत्रक करायचं हाय. जाय, मशीन पाहून ये!’’ महाल भागात आमचं पाट्या नि जाहिराती रंगवायचं दुकान. गेले बापडी.

दिवस नेमका खंडेनवमीचा. मशीन बंद, त्याला झेंडूचा हार, आणि पूजा करत होता तो हेमराज, कंपनीचा इंजिनिअर. मी कोपऱ्यात बसून चित्र काढत होते, तर हा हातावर पेढा ठेवून म्हणतो, ‘‘मशीनकडे एवढं टक लावून तं मीही नाही पाहत.’’ मी पेढा खाल्ला.

डिझाईन नेलं. बाहेरच्या खोलीतच त्यानं ते पाहिलं, पाहतच राहिला... ‘‘निळा रंग जरा फिका करा.’’ केला. ‘‘पहिलाच बरा होता.’’ पुन्हा केला. ‘‘अक्षरं थोडी मोठी —’’ आणि दर वेळी चहा, दर वेळी तेच हसू! काम आवडत नाही म्हणावं, तर निरोप द्यायला फाटकापर्यंत येतो. मी आवडते म्हणावं, तर डिझाईन परत! डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी मामा चिडला. ‘‘आज पास नाही झालं, तं हे काम मी आपल्या दुकानातल्या चंपतरावले देतो. तुह्यानं नाही होत.’’ मला रडूच फुटलं. काम जाईल म्हणून की सदरला जाणं थांबेल म्हणून, तेही कळेना.

तणतणत गेले. आज आतल्या खोलीचं दार उघडं होतं, मशीन चालू होतं. आणि मी हबकलेच. माझ्या चित्रात मशीनवर ठसठशीत लाल बटन होतं. मशीनवर बटनच नाही!

‘‘बटन कुठं गेलं?’’

‘‘ते... बटन नव्हतं. पूजेचं कुंकू होतं.’’

‘‘माय वं! मग पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?’’

‘‘सांगितलं असतं, तं तुम्ही तिथंच दुरुस्त करून दिलं असतं. मग —’’ तो अडखळला, ‘‘मग परत कशाले आल्या असत्या?’’

‘‘अन् इकडे माझं काम हातातून जाऊन राहिलं, त्याचं काय?’’

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘चुकलं माझं. पण मले तुम्ही लई आवडता, प्रेमिला. तुमच्या घरी बोलायले कोणाले पाठवू?’’

राग यायला हवा होता. मेला आलाच नाही. मी पांढऱ्या रंगानं बटन पुसलं, कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं ‘पास’ म्हणून सही केली.

‘‘कोणालेच नका पाठवू,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्हीच या. अन् डिझाईन काहून अडकवलं, ते मामाले खरं खरं सांगा.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

त्यानं पायात चपला सरकवल्या. ‘‘मग आताच चला. उद्या माझी हिंमत नाही व्हायची.’’