दोनशे सहा नंबरचा टॅग

सामन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. तो कधी येतो, नदी किती वेगाने चढतो, हे शोधणं शैलजाचं काम. माशाच्या पोटात बोटाच्या पेराएवढा टॅग बसवायचा. तो दर अर्ध्या मिनिटाला पाण्यात आपल्या नंबराचा आवाज सोडतो. खाडीच्या तोंडापासून नदीकाठच्या बक्सपोर्ट गावाच्या धक्क्यापर्यंत बारा रिसीव्हर पाण्यात टांगलेले असायचे. टॅग जवळून गेला की रिसीव्हर नंबर आणि वेळ नोंदवून ठेवायचा. यात न कळण्यासारखं काही नाही, असं ती शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना दरवर्षी सांगायची.

मेन राज्यात जून उजाडला तरी पेनॉबस्कॉट नदीचं पाणी हाताला झोंबतं. २००७च्या जूनमधल्या त्या आठवड्यात शैलजा आपलं काम आवरत होती. गुरुवारी दुपारच्या विमानाने ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी आश्लेषा कायमच्या समुद्रापासून दूर प्लेनोला, शैलजाच्या भावाकडे, केदारकडे निघणार होत्या.

मागच्या ऑक्टोबरात रिसीव्हर तपासायला गेलेल्या तिच्या नवऱ्याची, विक्रमची बोट खाडीत उलटली. बोट मिळाली, विक्रम मिळाला नाही. तेव्हापासून आश्लेषा शाळेतून आली की धक्क्यावर जाऊन बसायची. मागच्या आठवड्यात ती कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. त्याच संध्याकाळी शैलजाने तिकिटं काढली. पोरीला या पाण्यापासून दूर न्यायचं, दुसरं काही नाही.

सोमवारी खाडीतले चार रिसीव्हर पाण्यातून काढून आणले. याच महिन्याच्या नोंदींमध्ये दोनशे सहा नंबर दिसला आणि तिचा हात थांबला. दोनशे सहा कुठल्याच माशात नव्हता. तो रिसीव्हर चालू आहेत का हे तपासण्याचा टॅग. विक्रम तो आपल्या लाइफ जॅकेटला दोरीने बांधायचा. प्रत्येक रिसीव्हरपाशी पाण्यात सोडायचा, मोठ्याने तीनशेपर्यंत आकडे मोजायचा आणि पुढच्याकडे निघायचा.

तिने केदारला फोन लावला.

"अगं ताई, एखाद्या सील प्राण्याने गिळला असेल," तो म्हणाला.

"बॅटरी जानेवारीतच संपायला हवी होती."

"कंपनीवाले कमीच सांगतात गं. तू ये इकडे. इथे पाणी म्हणजे फक्त लॉनच्या स्प्रिंकलरचं."

ती हसली. सीलने गिळला असेल, हे तिला पटलंही.

मंगळवारी नदीतले सात रिसीव्हर आले. सील भटकतो, मासा भरतीबरोबर पुढे-मागे होतो. दोनशे सहा तसा फिरला नव्हता. पाच नंबरचा रिसीव्हर, मग सहा, सात, आठ. एकही रिसीव्हर त्याने चुकवला नव्हता. प्रत्येकापाशी दहा नोंदी. म्हणजे पाच मिनिटं. मग पुढे.

तिने सगळे आकडे पुन्हा तपासले. रिसीव्हरांची घड्याळं तपासली. घड्याळं बरोबर होती.

आता धक्क्यावरचा एकच उरला होता. बुधवारी तिला तो काढायला जमलं नाही. सामान बांधायचं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी दहाला तिने तो वर ओढला आणि धक्क्याशेजारच्या केबिनमध्ये नेऊन कॉम्प्युटरला जोडला.

दोनशे सहा आजच सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला होता. सव्वासातला तो निघून जायला हवा होता.

गेला नव्हता. साडेसात, आठ, नऊ. दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद. शेवटची, तिने रिसीव्हर पाण्याबाहेर काढला त्या मिनिटाची.

तिने खिडकीतून पाहिलं. पाठीवर सॅक घेतलेली आश्लेषा धक्क्यावर पालथी पडली होती. हात कोपरापर्यंत पाण्यात.

शैलजा धावत गेली. तिने तिला उचलून उभं केलं, ओला हात आपल्या हातात घेतला.

हात गरम होता.

"आई, वी कान्ट गो नाऊ."

"का गं?"

"ही जस्ट गॉट हिअर."

शैलजाने पोरीला गाडीत बसवलं, बेल्ट लावला, दारं लॉक केली.

बँगोरच्या विमानतळाचा रस्ता नदीच्या कडेने वर जातो. पाऊण तासाचा. आश्लेषा रडली नाही. काचेला कपाळ टेकवून ती नदीकडे बघत होती. मागे वळून नाही. बरोबर शेजारी, रस्त्याने सोबत चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"आई," ती म्हणाली, "स्लो चालव ना. बाबा मागे पडतोय."

विमानाला तास उरला होता. मागची गाडी हॉर्न देत पुढे निघून गेली.

शैलजाने वेग आणखी कमी केला.