पाचवी तार

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे आणि रविवारी आमच्या चौघांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. जुन्या बेसची नेक, म्हणजे तारांखालची दांडी, वाकली, म्हणून नवीन घ्यायला आमच्या गायकाबरोबर, समीरबरोबर, उल्हासनगरला गेले. दुकान कॅम्प दोनमध्ये, फर्निचरच्या गोदामावर. दुपारचे तीन वाजले होते.

समीरचा आग्रह पाच तारांच्या बेसचा. "आपली निम्मी गाणी खालच्या पट्टीत आहेत, शलाका. चार तारांवर तू कुठवर उतरणार?"

पण माझा हात लहान. चार तारांची अरुंद नेक मला बरोबर बसते. आधी चार तारांचाच वाजवून पाहिला. सरळ, स्वच्छ आवाज. मग दुकानदार तुलसीभाईंनी आतून पाच तारांचा आणला. काळा, बराच जड. "आराम से देखो, बेटा," म्हणाले आणि शटरपाशी जाऊन उभे राहिले.

पाचवी, सगळ्यात जाड तार मी मोकळी छेडली. आवाज कानांपेक्षा बरगड्यांत लागला. काउंटरवरच्या चहाच्या ग्लासात गोल लहरी उठल्या. इतक्या खालच्या सुराला तेवढं होणारच.

"तुला बँडमध्ये ठेवलंय कशाला?" समीर म्हणाला. अगदी सपाट आवाजात. "आमच्यात बसायची लायकी नाही तुझी."

मी तारेवर तळवा दाबून सूर थांबवला.

"भारी आहे ना?" समीर हसत होता.

"आत्ता काय म्हणालास?"

"मी? काहीच नाही."

कारखान्यात एका नमुन्यावर मी कधी निकाल देत नाही. पुन्हा छेडली.

समीरचं हसू गेलं. तुलसीभाई वळले. दोघांच्या नजरेत माझ्याबद्दल जुना, मुरलेला तिरस्कार होता. खाली रस्त्यावरचे हॉर्न बंद पडले. तुलसीभाई माझ्यावरची नजर न काढता शटर खाली ओढू लागले.

तळवा ठेवला. हॉर्न सुरू झाले. अर्ध्यावर आलेल्या शटरकडे तुलसीभाई गोंधळून बघत राहिले.

"आता तू वाजव," मी बेस समीरला दिला. मला नुसतं ऐकायचं होतं.

त्याने तार छेडली.

मला काहीच ऐकू आलं नाही.

मग समीर खोकत होता. तुलसीभाई माझं मनगट ओढत होते. माझी बोटं समीरच्या गळ्यात रुतली होती. सूर विरला होता, तरी बोटं सोडावीत असं वाटायला मला जरा वेळ लागला.

आम्ही चार तारांचा बेस घेतला. रिक्षात समीर पार कडेला सरकून बसला.

विठ्ठलवाडीला घरी पोचले. दार आईने उघडलं. तिच्या मागे पॅसेजमध्ये बाबा उभे होते. कंपनीतल्या प्रेस मशीनवर कान गेल्यापासून, गेली अकरा वर्षं, बाबांना काहीही ऐकू येत नाही.

"सव्वातीनपासून असेच उभे आहेत," आई दबक्या आवाजात म्हणाली. "खुणेने सांगितलं बसा म्हणून, तर हलत नाहीत."

बाबा माझ्याकडे एकटक बघत होते.

"वाजवायची का थांबलीस?" त्यांनी विचारलं.