फोटोत न उतरलेला ओरखडा

जिच्यावर ठसठशीत ओरखडा आहे त्या काचेतून फोटो लख्ख आला, आणि जिच्यावर माशीचा पायसुद्धा लागलेला नाही तिच्यातून आला तो धुरकट! शुक्रवारी सकाळी वस्तुपेढीच्या पायरीवर बसून मी ते दोन्ही फोटो दहा-बारा वेळा पाहिले. कॅमेरा उलटा धरूनही पाहिले. काही उलगडेना.

नुसतं कोडं असतं तर मी ते वहीत लिहून ठेवलं असतं आणि डबा खायला बसले असते. पण शनिवारी अकरा वाजता वृक्षसमितीची बैठक होती आणि आमचा बेहडा राहणार की जाणार, हे तिथे ठरणार होतं.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. मी पर्णिका, इयत्ता सहावी. घरी सगळे पर्णी म्हणतात. आमच्या तेरवडे गावाच्या देवराईत एक जुना बेहडा आहे आणि त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. धनेशाची मादी मोठी विचित्र. एकदा ढोलीत शिरली की दार लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. म्हणजे झाड पडलं की आई आणि पिल्लं आतल्या आत संपली. आणि त्या झाडावर लाल फुली मारलेली होती, कारण तिथे रोपवेचा खांब येणार होता.

कायदा आमच्या बाजूने होता. ज्या झाडावर घरटं नांदतं आहे ते तोडता येत नाही. फक्त ते नांदतं आहे याचा पुरावा हवा. समितीची माणसं येऊन तासभर थांबली, पण नेमका तेव्हा नर फिरकलाच नाही. ड्रोन उडवला तर तो बिचकतो. आणि मोबाईलचा फोटो आता कोणी पुरावा मानत नाही. हल्लीचे मोबाईल अतिशहाणे झालेत. त्यांना जे नीट दिसत नाही ते स्वतःच्या मनाने भरून काढतात. माझ्या मामेभावाच्या, निहारच्या मोबाईलने त्या ढोलीत एक सोडून तीन माद्या बसवल्या आणि त्यातली एक चक्क हसत होती.

म्हणून पुराव्याला लागतो 'कच्चा फोटो' (काचेतून जसा आला तसा, यंत्राने काहीही न भरलेला). त्यासाठी जुन्या पद्धतीचा कॅमेरा लागतो. तो शाळेत होता, पण त्याची लेन्स (एका नळीत एकामागे एक बसवलेली भिंगं) कधीच हरवली होती. ती आणायला मी वस्तुपेढीत गेले. तिथे लोक आपल्याला नको असलेल्या वस्तू ठेवतात आणि ज्याला लागतील तो पंधरा दिवस घेऊन जातो. सगळा कारभार मापाडी नावाचा यंत्रमानव बघतो. वस्तू आली की तो ती चहूबाजूंनी न्याहाळतो आणि दर्जा ठरवतो. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवारी त्याने मला एक लेन्स दिली. चामड्याची पेटी, आत रेशमी कापड, आणि काच अशी की तिच्यात माझे दात मोजता येत होते. "बाह्यांग निर्दोष. दर्जा अ," मापाडी म्हणाला. मी खूश! पण गुरुवारी देवराईतून काढलेला एकेक फोटो म्हणजे दुधात बुडवलेला. झाड पांढुरकं आणि ढोलीची फट राखाडी. चोच आहे की फांदी, काही कळत नव्हतं. माझेच हात वाईट असं मला वाटलं आणि मी पांघरुणात तोंड घालून रडले.

शुक्रवारी सकाळी मी लेन्स बदलायला गेले. बाकीच्या लेन्स लोकांनी आधीच नेल्या होत्या. वितळवायच्या टोपलीत एक उरली होती, रंग उडालेली आणि पुढच्या काचेवर हा एवढा ओरखडा.

"लांबी अकरा मिलिमीटर. दर्जा ड," मापाडी म्हणाला. "मूळ धनी बाबल खोबरेकर, लग्नांचे फोटोवाले. एकवीस वर्षं रोजचा वापर. मी ही देण्याची शिफारस करत नाही."

"दे. दगडापेक्षा वीट मऊ," मी म्हटलं.

"वीट या वस्तूची आपल्याकडे नोंद नाही," मापाडी म्हणाला आणि लेन्स दिली.

पेढीच्या दारातून मी समोरच्या फणसाचा एक फोटो काढला. फणसाचा काटा न् काटा मोजून घ्यावा! ओरखडा कुठेच नव्हता. असं ते कोडं होतं. मी दोन्ही लेन्स उचलल्या आणि थेट आबांकडे धावले.

आबा म्हणजे माझ्या आईचे बाबा. मोठमोठ्या दुर्बिणींची भिंगं घासण्यात आणि तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. जगभरची मंडळी त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात, पण घरी ते शुद्ध मालवणीतच बोलतात.

"काय झाला गो चेडवा? तोंड कित्याक पाडलंस?"

मी सगळं सांगितलं. आबा मिशीतल्या मिशीत हसले. त्यांनी पडदे ओढले, एकच खिडकी उघडी ठेवली आणि तिच्यासमोरच्या भिंतीजवळ एक मोठं भिंग धरलं. भिंतीवर लगेच बाहेरच्या माडाचं चित्र पडलं. उलटं, पण रंगीत आणि हलणारं. त्याला प्रतिमा (भिंगाने प्रकाश गोळा करून पाडलेलं चित्र) म्हणतात.

मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा हातात घेतला. "आता ह्या पुठ्ठ्यान अर्धा भिंग झाकतंय. सांग बगूया, माड अर्धो दिसतलो काय आख्खो?"

"अर्धा! यात काय विचारायचं?" मी म्हटलं.

त्यांनी पुठ्ठा लावला. माड आख्खाच्या आख्खा तिथेच होता. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. फक्त चित्र थोडं अंधुक झालं. माझा विश्वास बसेना. मी पुठ्ठा वर लावला, खाली लावला, मधोमध पट्टी धरली. माड काही जागचा हलला नाही.

आबांनी समजावलं ते असं. माडाच्या शेंड्यावरून निघालेला प्रकाश भिंगाच्या एकाच ठिकाणी येत नाही, तो सबंध भिंगावर पसरून येतो. बुंध्याचा प्रकाशही तसाच. म्हणजे भिंगाच्या प्रत्येक कणाला आख्खा माड दिसत असतो आणि प्रत्येक कण आख्ख्या माडाचं चित्र भिंतीवर पाडत असतो. अशी लाखो चित्रं एकावर एक बरोब्बर बसली की एक उजळ चित्र होतं. थोडे कण कमी झाले तर चित्र तेवढं फिकं पडतं, पण त्याला भोक पडत नाही.

"म्हणजे शाळेतल्या प्रार्थनेसारखं!" मी ओरडले. "चाळीस जण म्हणतात, त्यातले पाच गप्प बसले तर प्रार्थनेतली ओळ गळत नाही. आवाज थोडा कमी होतो, एवढंच."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

"आणि तू नेहमी गप रवणाऱ्या पाचांत असतंस, ता माका ठाव असा," ते म्हणाले. मी विषय बदलला.

"पण मग या चकचकीत लेन्सला काय झालं?"

आबांनी टॉर्च आणला. जुनी लेन्स घेताना तिच्याकडे बघायचं नसतं, तिच्यातून बघायचं असतं, असं ते म्हणाले. मागच्या बाजूने टॉर्चचा झोत टाकायचा आणि पुढून जरा तिरकं पाहायचं. मी पाहिलं आणि शहारले. आत, दोन भिंगांच्या मध्ये, कोळ्याने जाळं विणावं तसे पांढरे तंतू पसरले होते.

"बुरशी!"

बुरशी प्रकाश नुसता अडवत नाही, तो भलतीकडे पाठवते. याला विकिरण (प्रकाश वाट सोडून इकडे तिकडे विखुरणं) म्हणतात. आकाशाचा पांढरा प्रकाश असा भरकटून फोटोभर पसरतो आणि जिथे काळं दिसायला हवं तिथेही जाऊन बसतो. म्हणून ढोलीची काळी फट राखाडी झाली होती. माझे हात वाईट नव्हते तर! मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू.

"तुझ्याच प्रार्थनेत सांगूचा तर," आबा म्हणाले, "गप रवणारो परवडलो, भलताच गाणारो नको."

बोलता बोलता त्यांनी ती लेन्स हातात फिरवली आणि ते एकदम थांबले. नळीच्या कडेला दोन बारीक अक्षरं कोरलेली होती. आबांच्याच नावाची.

"ही माजीच," ते हळूच म्हणाले.

पहिल्या पगारात घेतलेली लेन्स. कुठे धूळ लागेल, कुठे आपटेल, म्हणून त्यांनी ती रेशमी कापडात गुंडाळून, पेटीत घालून कपाटात ठेवली होती. चांगल्या दिवशी काढू, असं म्हणत पस्तीस वर्षं गेली. मी ती जन्मात पाहिली नव्हती, कारण ती कपाटाबाहेर आलीच नव्हती. नुसती पडून आहे म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी ती पेढीत दिली होती. बुरशीला काय लागतं? अंधार, ओल आणि कोंदट हवा. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याची पेटी म्हणजे बुरशीचं माहेरच. खोबरेकरांची लेन्स रोज उन्हावाऱ्यात फिरली. तिला ओरखडा पडला, पण बुरशी लागली नाही.

"मी इतकी जपलंय, तेच्यामुळाच ती कुसली," आबा म्हणाले. दुनियेची भिंगं तपासणारा माणूस आणि स्वतःचं भिंग तपासायचं राहून गेलं. दिव्याखाली अंधार! पण हे मी मनातच म्हटलं, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

थोड्या वेळाने आबांनीच नाक शिंकरलं आणि खोबरेकरांची लेन्स उचलली. तिच्यातून टॉर्च पाहिला, आत स्वच्छ. मागची काच पाहिली, ठीक. मागच्या काचेवर ओरखडा असता तर नडला असता, कारण ती चित्र पडतं त्या जागेच्या अगदी जवळ असते. मग फिरवायची कडी फिरवून पाहिली, लोण्यासारखी फिरली.

"पण उद्या सकाळी सूर्य खंय असतलो?"

मी विचार केला. ढोली पश्चिमेकडे. म्हणजे माझं तोंड पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे. सूर्याचा थेट प्रकाश ओरखड्यावर पडला तर तोही भलतंच गायला लागणार!

"मग त्याला गप्प बसवू या," मी म्हटलं. "काळं करू या का?"

आबांनी काळ्या शाईची बाटली पुढे केली. चांगल्या काचेवर मुद्दाम काळी शाई लावायची! सुईच्या टोकाने मी ओरखड्यात शाई भरली आणि बाहेर आलेली अलगद पुसली. आता तिथून थोडा प्रकाश आत जाणार नव्हता, पण भरकटणारही नव्हता. वर काळ्या कागदाची नळी गुंडाळून सावलीला टोपी केली.

शनिवारी साडेसहाला आम्ही दोघं देवराईत होतो. सात वाजले. साडेसात. डास माझ्या पायांवर पंगतीला बसले होते. आठला पंखांचा घोंगावणारा आवाज आला आणि नर ढोलीशी येऊन बसला. त्याच्या चोचीत उंबराचं लालबुंद फळ होतं. फटीतून दुसरी चोच बाहेर आली. मी श्वास धरला आणि कळ दाबली.

समितीसमोर फोटो पडद्यावर आला. काळी कुळकुळीत फट, तिच्यातली पिवळी चोच आणि दोन चोचींच्या मध्ये ते लाल उंबर. फोटो कच्चा आहे का हे तपासायला मापाडी आला होता. त्याने फोटो पाहिला, लेन्स पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटो अस्सल आहे," तो म्हणाला. "परंतु लेन्सचा दर्जा ड, फोटोचा दर्जा अ. शिवाय काचेला काळं फासलेलं आहे. हे गणित जुळत नाही."

अध्यक्ष मोंडकरबाई माझ्याकडे वळल्या. "तूच सांग गं याला."

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना प्रार्थनेची गोष्ट सांगितली. गप्प बसणारी मुलं, भलतंच गाणारी मुलं आणि शाई. मोंडकरबाई हसल्या. त्यांनी कागदावर सही केली आणि दुपारी बेहड्यावरची लाल फुली पुसायला माणूस गेला. खांबासाठी दुसरी जागा शोधणार आहेत. मी भर सभेत उडी मारली, हे मात्र घरी सांगू नका.

मापाडीचे दिवे बराच वेळ लुकलुकत होते. "मला वस्तू बाहेरून पाहायलाच शिकवलं होतं," तो म्हणाला. "सोमवारपासून टॉर्चने आतूनही पाहीन. टोपलीत आणखी एकशेचार वस्तू आहेत. त्या पुन्हा तपासतो. आणि ही लेन्स आता पर्णिकेची."

माझी! मी ती घरी नेली, तीन वेळा पुसली. मग आईचं जुनं मऊ रेशमी पोलकं काढलं, त्यात लेन्स गुंडाळली आणि कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात, अगदी मागे, कोणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवायला हात उंचावला आणि माझं मलाच हसू फुटलं.

पोलकं परत घडी करून ठेवलं. लेन्स खिडकीपाशी, उजेडात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. आबा होते. पायांत चपला, गळ्यात कॅमेऱ्याचा जुना रिकामा पट्टा.

"काय गो," ते जरा लाजतच म्हणाले, "आज ती लेन्स माका देतलंस? माज्याकडे चालू अशी एकव नाय."

मी ती त्यांच्या हातात दिली. आम्ही देवराईची वाट धरली. पिल्लं यायला अजून महिना आहे, पण आबा म्हणाले की चांगल्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही.